दाराला फट, पदराला खार

केळी वाळवण्याच्या ड्रायरचे दार नीट लागत नसेल तर काय पाहावे, काय करावे?



या पानावर आपण खते, औषधे, ठिबकच्या नळ्या आणि केळीचे भाव यांविषयी नेहमी वाचता. आज मी एका दाराविषयी लिहिणार आहे. घराच्या नव्हे, गोठ्याच्याही नव्हे, तर केळी वाळवण्याच्या ड्रायरच्या दाराविषयी. तुम्ही म्हणाल, "दाराविषयी काय लिहायचं? लागत नसेल तर दोरीनं बांधावं." तीच दोरी मी दोन-तीन ठिकाणी पाहिली. एका ठिकाणी तर दाराला पाटा टेकवून ठेवला होता. म्हणूनच हा लेख लिहायला बसलो.

रावेर-यावल म्हणजे केळीचा मुलूख. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ च्या जून महिन्यात आपल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला गेली. गोष्ट अभिमानाचीच आहे. पण बागेतला सगळाच माल काही दुबईला जात नाही. ज्या घडाची फणी बारीक, ज्याच्या सालीवर डाग, तो माल 'वापसी'त निघतो आणि भाव असा मिळतो की कापणी-वाहतुकीचा खर्चही निघू नये. अशा मालाची सुकेळी करावी, कच्च्या केळीच्या चकत्या वाळवून पीठ करावे, या विचाराने महिला बचत गटांनी ड्रायर घेतले. २०२० मध्ये केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली. त्यात 'एक जिल्हा एक उत्पादन' म्हणून जळगावसाठी केळीच निवडली गेली. पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आणि बाकी बँकेचे कर्ज, असा त्या योजनेचा हिशेब. कर्ज आले की हप्ता आला. आणि यंत्राच्या दाराला फट आहे म्हणून हप्ता काही थांबत नाही.

एका गटाची गोष्ट

तापीकाठच्या एका गावात दहा जणींचा गट आहे. नाव सांगत नाही. हे कोणत्याही गावात घडू शकते. या गटाने विजेवर चालणारा ट्रे ड्रायर घेतला. कपाटासारखे यंत्र, आत एकावर एक ट्रे, पाठीमागे पंखा आणि तापणारी कॉइल, पुढे एक मोठे दार. उन्हाळ्यात काम सुरू झाले. माल सोन्यासारखा निघाला. जूनमध्ये पाऊस लागला आणि तक्रारी सुरू झाल्या. वरच्या ट्रेमधली केळी वाळायची, पण खालच्या ट्रेमधली, विशेषतः दाराजवळची, चिकट राहायची. जी खेप एका दिवस-रात्रीत निघत होती तिला दीड दिवस लागू लागला. विजेचे बिल वाढले. गटाच्या अध्यक्ष ताईंनी मला बोलावले.

मी गेलो. यंत्राचा काटा ५८ अंश दाखवत होता. मी म्हणालो, "ताई, पावसाळी हवा आहे. उष्णता वाढवा. सत्तरवर ठेवून बघा." चहा घेतला आणि निघून आलो. दाराकडे मी पाहिलेही नाही.

त्या खेपेची सुकेळी वरून चामड्यासारखी कडक झाली. हाताला वाळलेली लागली म्हणून पिशव्यांत भरून व्यापाऱ्याकडे गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. आतून ओली राहिली होती. पिशवी उघडताच आंबूस वास, वर पांढरी बुरशी. सगळा माल उकिरड्यावर टाकावा लागला. पैसे तर गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे दहापैकी दोघी म्हणू लागल्या, "हा धंदा आपल्याले जमायचा नाई. यंत्र विका अन् कर्ज फेडा." आणि ते झाले होते माझ्या सल्ल्याने.

मग दुरुस्तीवाला आला. त्याने दार पाहिले आणि पूर्ण दार बदलावे लागेल असे सांगितले. जी किंमत सांगितली ती ऐकून सगळ्या गप्प बसल्या. त्या दिवशी गटातल्या एका मावशींना घ्यायला त्यांचे मालक आले होते. गवंडीकाम करून म्हातारे झालेले. थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "ताटभर पाणी आना बरं." पाण्याने भरलेले ते ताट त्यांनी ड्रायरच्या माथ्यावर ठेवले. पाणी एका अंगाला चढले आणि काठावरून सांडू लागले. बाबा म्हणाले, "साहेब, दाराले काई झालं नाई. पाय खचला हाये."

खरेच तसे होते. पुढच्या उजव्या पायाखालची फरशी दबली होती. त्याच बाजूला भिंतीबाहेर पन्हळाचे पाणी पडत होते आणि पायाखाली मुरत होते. चौकट पिळली गेल्यामुळे दार खालच्या कोपऱ्यात बोटभर उघडे राहत होते. मी ताईंना विचारले, हे कधीपासून? त्या म्हणाल्या, "पाऊस लागला तवापासून. आम्ही दोरीनं बांधत होतो. तुमाले सांगावं इतकी मोठी गोष्ट नाई वाटली." त्यांना सांगावेसे वाटले नाही आणि मला विचारावेसे सुचले नाही. चूक कोणाची, हे वाचकांनी ठरवावे. मी तरी ती माझ्याकडे घेतो.

फट नेमके काय करते?

आपल्याला पाटाचे पाणी चांगले कळते. पाट मध्येच फुटला तर विहिरीवरची मोटार पूर्ण चालते, मीटर पूर्ण फिरते, पण शेवटचा वाफा कोरडा राहतो. ड्रायरमध्ये पाण्याच्या जागी गरम हवा असते, एवढाच फरक. पंखा गरम हवा ट्रेवरून फिरवतो. दाराला फट असली की हवा जवळची वाट धरते आणि सगळ्या ट्रेवरून न जाता बाहेर पडते. जसे पाणी उताराला जाते तशी हवा सोप्या वाटेने जाते.

दुसरी गोष्ट. गरम हवा वर चढते. म्हणून वरच्या फटीतून गरम हवा बाहेर जाते आणि तिची जागा घ्यायला खालच्या फटीतून बाहेरची गार हवा आत येते. ती खालच्या ट्रेवर, तेही दाराजवळच्या भागावर पडते. उष्णता मोजणारा काटा मात्र बहुधा वर किंवा पाठीमागे बसवलेला असतो. तो ५८ दाखवतो तेव्हा खाली दाराशी ४० सुद्धा असू शकतात. ओलसर, गोड आणि कोमट अशी जागा बुरशीला फार मानवते.

अशा वेळी उष्णता वाढवणे हा उपाय नव्हे. उष्णता फार वाढवली तर केळीच्या तुकड्याचा वरचा थर झटकन वाळतो, आकसतो आणि कडक होतो. मग आतल्या ओलाव्याला बाहेर यायला वाट राहत नाही. वरून वाळले, आत ओले राहिले. हेच त्या गटाच्या मालाचे झाले. पिकलेल्या केळीसाठी ५५ ते ६० अंश उष्णता ठेवावी आणि घाई करू नये.

आता थोडा हिशेब मांडू. सालीसकट १०० किलो पिकलेली केळी घेतली तर सोलून सुमारे ६० किलो गर मिळतो. त्या गरात चारातले तीन भाग पाणी असते. सुकेळी तयार होईपर्यंत सुमारे ४० लिटर पाणी वाफ होऊन जावे लागते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेचे सुमारे दोन-तृतीयांश युनिट लागते. म्हणजे नुसत्या वाफेसाठीच २५ ते ३० युनिट गेले. यंत्र तापणे, पंखा फिरणे, पत्र्यातून उष्णता जाणे हा खर्च वेगळा. या सगळ्यावर फटीतून जाणारी उष्णता आणखी घाला. खेप दीडपट वेळ चालली तर बिलही जवळपास त्याच मापाने चढते.

वाफेची वाट वेगळी, दाराची फट वेगळी

इथे काही बायाबापड्या म्हणतात, "फट राहिली तर चांगलंच ना साहेब, वाफ बाहेर जाईल." प्रश्न बरोबर आहे. वाफ बाहेर गेलीच पाहिजे. पण त्यासाठी यंत्राला माथ्यावर किंवा पाठीमागे झडप दिलेली असते. ट्रेवरून फिरून, ओलावा घेऊन झालेली हवा त्या झडपेतून जाते. सुरुवातीला केळी खूप ओली असते तेव्हा झडप जास्त उघडावी आणि माल वाळत आला की कमी करावी. हे आपल्या हातात असते. दाराच्या फटीवर असा हात चालत नाही. बांधावर सांडवा असतो म्हणून कोणी बांध फुटू देत नाही. सांडवा सांडव्याच्या जागी आणि बांध बांधाच्या जागी, तसेच हे.

दाराची परीक्षा

पैसे खर्च करण्याआधी दाराची परीक्षा घ्या. मेन स्विच बंद करा, यंत्र गार होऊ द्या आणि ट्रे बाहेर काढा.

पहिली परीक्षा कागदाची. हा अंक वाचून झाला की याच पानाची दोन बोटे रुंद पट्टी कापा. ती दारात धरा, दार नेहमीसारखे बंद करा आणि पट्टी ओढा. ओढताना ती धरून ठेवल्यासारखी वाटली तर तिथे दार बसते आहे. अलगद निघून आली तर तिथे फट आहे. दाराच्या चारही बाजूंना वीत-वीत अंतरावर असे करा आणि जिथे पट्टी सुटली तिथे खडूने खूण करा. एका कोपऱ्यातच खुणा आल्या तर चौकट किंवा दार पिळले आहे. एका उभ्या बाजूला सगळीकडे आल्या तर बिजागरी किंवा कडी पाहा. इकडेतिकडे विखुरल्या तर रबराची पट्टी गेली आहे. निम्मे निदान इथेच होते.

दुसरी परीक्षा उजेडाची. पेटलेली बॅटरी आत ठेवून दार लावा, खोलीत अंधार करा आणि बाहेरून पाहा. जिथे उजेडाची रेघ दिसते तिथून हवाही जाते.

तिसरी परीक्षा खडूची. दाराच्या रबराला खडू घासा, दार बंद करून उघडा आणि चौकटीवर ठसा पाहा. ठसा जिथे तुटला तिथे रबर टेकत नाही. नंतर खडू ओल्या फडक्याने पुसून काढा, कारण आत खाण्याचा माल जायचा आहे.

आधी पाय, मग दार

आपल्या तापीकाठची जमीन काळी आणि खोल. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरच्या घराची दारे पावसाळ्यात अडतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. मग त्याच जमिनीवर उभ्या केलेल्या यंत्राचे दार कसे जागेवर राहील? म्हणून पहिले काम पाय पाहण्याचे. त्याला खर्च काही नाही.

गवंड्याची पाणसळ असेल तर उत्तम. नसेल तर काठोकाठ पाणी भरलेले सपाट ताट यंत्राच्या माथ्यावर ठेवा. पाणी ज्या बाजूला चढते ती बाजू खचलेली. मग चौकटीचे दोन कर्ण दोरीने मोजा. म्हणजे वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा आणि वरचा उजवा ते खालचा डावा. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. कमी-जास्त आली तर चौकट पिळली आहे.

खचलेल्या बाजूला पहारीने हळूच उचलून पायाखाली लोखंडी पट्टी सरकवावी. यंत्र रिकामे असावे, वीज बंद असावी आणि दोन माणसे असावीत. एकाने उचलायचे आणि दुसऱ्याने पट्टी सारायची. उचलताना पायाखाली हात घालू नये. लाकडाची फळी घालू नका, ती पावसाळ्यात फुगते आणि नंतर दबते. पुष्कळदा पाय सरळ होताच दार आपोआप बसते.

हा तात्पुरता उपाय झाला. कायमचा उपाय म्हणजे यंत्राखालची काळी माती काढून तिथे मुरूम भरून ठोकणे आणि वर काँक्रीटचा ओटा घालणे. पन्हळाचे पाणी आणि पागोळ्या भिंतीपासून लांब काढाव्यात.

बिजागरी आणि कडी

पाय सरळ असूनही दार बसत नसेल तर बिजागरीकडे या. दार थोडे उघडा, मुठीच्या बाजूने धरा आणि वर उचला. दार खाली-वर हलले तर बिजागरीची खीळ झिजली आहे किंवा स्क्रू ढिले झाले आहेत. स्क्रू आवळा. भोक मोठे झाले असेल तर एक नंबर मोठा स्क्रू किंवा नट-बोल्ट घाला. खीळ झिजली असेल तर एखादा वायसर घालून चालते, फारच झिजली असेल तर बिजागरी बदला.

दार मुठीच्या बाजूला लोंबून खाली घासत असेल तर खालच्या बिजागरीमागे पातळ पत्र्याची पट्टी द्या. त्याने मुठीची बाजू वर येते. घरच्या दाराला सुतार हेच करतो. एकदम जाड पट्टी घालू नका. एक पातळ घाला, पाहा, लागली तर दुसरी घाला.

कडी किंवा दाबाची मूठ हे दार रबरावर दाबून धरण्याचे साधन आहे. चौकटीवरचा तिचा खटका पुढे-मागे सरकवता येत असेल तर थोडा आत सरकवून कागदाची परीक्षा पुन्हा घ्या. मात्र फार आवळू नका. रबर कायमचे चेपते आणि महिन्याभरात फट पहिल्यापेक्षा मोठी होते. दोरी बांधून दार ओढून धरले की हेच होते. एका जागी रबर चेपते आणि बाकी ठिकाणी दार उघडेच राहते.

रबराची पट्टी

दाराच्या कडेची पट्टी, जिला दुकानात गॅस्केट म्हणतात, ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. केळीचा गोड रस तिच्यावर ओघळतो, वाळतो आणि दगडासारखा होतो. त्याला मुंग्या लागतात, उंदीर कुरतडतात. म्हणून पहिल्यांदा कोमट पाणी, साबण आणि मऊ फडके घेऊन पट्टी धुऊन काढा. रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका. रबर खराब होते आणि वास मालाला लागतो. नुसत्या धुण्याने दार बसल्याचे मी पाहिले आहे.

धुतल्यावर पट्टी बोटाने दाबा. दाबून परत वर आली तर ठीक. कडक राहिली, चिरा दिसल्या किंवा चपटी झाली असेल तर बदला. जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा कापून दुकानात न्या, म्हणजे आकार चुकणार नाही. अन्नाला चालणारी सिलिकॉनची पट्टी मागा. ती दोनशे अंशांच्या आसपासची उष्णताही सोसते. साधे रबर उष्णतेने लवकर कडक होते. फ्रीजच्या दाराची पट्टी इथे लावू नये, ती उष्णतेने मऊ पडते. सायकलची ट्यूब कापून लावण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. तीही नको, कारण तापली की तिचा वास सुकेळीला लागतो आणि गिऱ्हाईक एकदाच येते.

नवी पट्टी बसवताना ताणू नका. ताणून बसवलेली पट्टी चार दिवसांत आकसते आणि सांध्याला फट पडते. आधी चार कोपरे बसवा, मग मधला भाग दाबत या. सांधा कोपऱ्यात न ठेवता बिजागरीच्या बाजूला मध्यावर ठेवा. शेवटी पुन्हा कागदाची परीक्षा घ्या.

बिस्किटांची भट्टी आणि घरचा ओव्हन

दिवाळीच्या तोंडावर पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत नानखटाई भाजून आणण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. बेकरीवाला भट्टीचे दार उगाच उघडत नाही. कारण त्याला माहीत असते की दार उघडले की मागची बिस्किटे करपतात आणि पुढची पांढरी राहतात. आता काही ठिकाणी केळीच्या पिठाची बिस्किटे करण्याचा उद्योगही सुरू झाला आहे. तिथे ओव्हन १७० ते १८० अंशांवर चालतो. नियम तेच, पण काळजी जास्त.

भट्टीला काही ठिकाणी रबराऐवजी दोरी असते. फार जुन्या भट्टीची दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. ती कोरडी खरवडू नका, माहितगार माणसाकडून काढून घ्या. तिच्या जागी काचधाग्याची दोरी मिळते. तीही हातमोजे घालून आणि तोंडाला फडके बांधून बसवावी.

ओव्हनचे दार खाली पडणारे असेल तर उघड्या दारावर जड ट्रे ठेवू नका. त्याने बिजागरीची स्प्रिंग जाते. ती स्प्रिंग ताणलेली असते, अंदाजाने खोलायला जाऊ नका, बोट चेमटते. गॅसवरच्या ओव्हनची फट शोधायला काडी किंवा अगरबत्ती कधीही लावू नका. गॅसच्या नळीची गळती साबणाच्या फेसाने पाहायची असते. आणि घरात मायक्रोवेव्ह असेल व त्याचे दार नीट लागत नसेल तर तो वापरणेच बंद करा. त्याचे दार घरी दुरुस्त करू नये. तिथे प्रश्न बिलाचा नसून अंगाचा आहे.

सही करण्यापूर्वी

आता दोन शब्द ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांसाठी, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी आणि माझ्यासारख्या खात्यातल्या मंडळींसाठी. आपण यंत्राची पाहणी करतो तेव्हा नंबर पाहतो, बिल पाहतो, यंत्रापुढे गटाचा फोटो काढतो आणि सही करतो. दार कोणी लावून पाहत नाही. यापुढे चार गोष्टी पाहा. एक, यंत्र येण्याआधी काँक्रीटचा सपाट ओटा तयार आहे का? दोन, यंत्र ओट्यावर उभे केल्यावर कागदाची परीक्षा चारही बाजूंनी झाली का? तीन, कोटेशनमध्येच एक जादा गॅस्केट लिहून घेतले का? चार, गटातल्या किमान दोघींना पट्टी बदलायला आणि स्क्रू आवळायला शिकवले का? आपल्या तालुक्यात पालला कृषी विज्ञान केंद्र आहे. प्रक्रियेच्या प्रशिक्षणाची चौकशी करताना यंत्राच्या देखभालीचाही आग्रह धरा.

आणि गटांच्या भगिनींना एक विनंती. साहेब येतील तेव्हा लहानातली लहान गोष्ट सांगा. दोरी बांधली असेल तर ती सोडून ठेवू नका, तशीच दाखवा. आम्ही चहा घेऊन निघू लागलो तर आमचा हात धरून दारापाशी न्या.

रोजची काळजी तर अगदी साधी आहे. खेप निघाली की दाराची पट्टी ओल्या फडक्याने पुसावी. दार आपटू नये, त्याला लोंबकळू नये. माल पाहायला अर्ध्या-अर्ध्या तासाने दार उघडू नये. खेप निम्मी झाली की एकदाच उघडून खालचे ट्रे वर आणि वरचे खाली करावेत. महिन्यातून एकदा कागदाची परीक्षा घ्यावी आणि पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांनी ताटभर पाणी यंत्रावर जरूर ठेवावे.

त्या गटाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पायाखाली लोखंडी पट्टी सारली, खालच्या कोपऱ्यातले कडक झालेले रबर बदलले, पन्हळ लांब काढले. सगळा खर्च दीड हजाराच्या आत बसला. उष्णता पुन्हा ५८ वर आणली. पुढची खेप वरपासून खालपर्यंत सारखी निघाली आणि एका दिवस-रात्रीत निघाली. व्यापाऱ्याने पहिल्यांदा थोडाच माल घेतला, तो टिकला तेव्हा पुढचा घेतला. यंत्र विका म्हणणाऱ्या त्या दोघी आजही गटात आहेत. ओटा मात्र अजून व्हायचा आहे. तो येत्या पावसाळ्याआधी करून घ्यायचा, असे गटाच्या बैठकीत ठरले आहे. त्या दिवशी मी तिथे ताट घेऊन जाणार आहे.